दोर किती हात?

आमच्या बीड जिल्ह्यात विहीर परसांनी मोजतात आणि दोर हातांनी. दोन्ही हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस, आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. पूर्वी मुलगी द्यायची असली म्हणजे जमीन किती, जनावरे किती, हे ओसरीवर बसलेली पुरुषमाणसे विचारीत. आमची आजी मात्र माजघराच्या दारातून एकच प्रश्न टाकी, "दोर किती हात लागतो?" वीस हात म्हटले तर स्थळ चांगले. चाळीस म्हटले की आजी गप्प बसे. नांदायला जाणाऱ्या पोरीचे सोललेले तळवे तिला तेवढ्यात दिसलेले असत. पुढे मोटारी आल्या, बोअर आले, हातांच्या जागी फूट आले. प्रश्न तोच राहिला. पाऊस हुकला की आमच्याकडे दोर वाढतो. एकाला दुसरा जोडतात, दुसऱ्याला तिसरा.

हे सांगायचे कारण असे की, २०२१ सालच्या दिवाळीत माझा पुतण्या अमेरिकेहून गावी आला तो बॅगेत एक दोर घेऊन. त्याच्या खेळात म्हणे दोर वाढत नाही, दर फेरीला आखूड होतो. हे ऐकल्यावर आमचे थोरले बंधू पहिल्यांदाच त्याच्याकडे तोंड करून बसले.

तोवर ते पाठ करून बसले होते असे म्हणायला हरकत नाही. दादा माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. शिक्षण थोडे, शेती थोडी, बोलणे त्याहून थोडे. मुलगा अमेरिकेला शिकायला गेला ते साल २०१६. ज्यांनी ते साल आमच्या भागात काढले आहे त्यांना जास्त सांगायला नको. मांजरेवरचे धरण कोरडे पडले होते, आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले. जनावरे छावणीत गेली होती. त्या उन्हाळ्यात दादांनी आपली बैलजोडी विकली. थोडी वैरणीअभावी आणि बरीचशी मुलाच्या तिकिटासाठी. कोणती किती, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही. मुलगा शिकला, नोकरीला लागला, पैसे पाठवू लागला. दारात पुन्हा जोडी आली. सगळे सुरळीत चालले असताना गावातल्या कुणीतरी दादांना मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. मोठे थोरले निळे तळे, पुढे भरधाव मोटारबोट, आणि मागे दोराला धरून पाण्यावर उभा असलेला, पाण्याची भिंत उडवीत वळणारा त्यांचा मुलगा! दाखवणारा कौतुकाने म्हणाला, "तुमचं पोरगं पाण्यावर नाचतंय की." दादांनी मोबाइल परत दिला. पुढे दीड वर्ष बापलेकांचे फोनवरचे बोलणे 'जेवलास का' आणि 'तब्येत कशी आहे' यापलीकडे गेले नाही.

अंबाजोगाईस मी मराठी शिकवतो. पुतण्याला तिथून गावी न्यायचे काम माझ्याकडे आले. अंबाजोगाईहून परळीकडे जायचे म्हणजे बालाघाटाचा घाट उतरावा लागतो. मांजरेकडे जायला तसली काही शोभा नाही. नुसता माळ, मध्ये मध्ये काळ्या रानाचे पट्टे, बाभळी, आणि दूरवर एखाद्या मंदिराचे शिखर. लोकांना अंबाजोगाई म्हटले की योगेश्वरी आठवते. आम्हां मराठीच्या मास्तरांना मुकुंदराज आणि दासोपंत आठवतात. त्यांच्याविषयी मी गाडीत दोन शब्द बोलू लागलो, तर पुतण्या डोळे मिटून बसला. तीस तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाला विवेकसिंधू सांगू नये, एवढा विवेक मला नव्हता.

रस्त्यावर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या भेटत होत्या. दिवाळीच्या आगेमागे आमच्या जिल्ह्यातली हजारो बिऱ्हाडे कोल्हापूर-सांगलीकडे आणि थेट कर्नाटकात निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, शेळी आणि वर मुले. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. पुतण्याने डोळे उघडले आणि तो कितीतरी वेळ त्या ट्रॉल्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, धरणावर थांबू या का जरा?"

केज तालुक्यात धनेगावला हे धरण आहे. मांजरा आमच्याच जिल्ह्यात पाटोद्याकडच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे कर्नाटक-तेलंगणातून फिरून गोदावरीला मिळते. तिच्यावर सुमारे चार किलोमीटर लांबीची मातीची भिंत घातली, ती माझ्या जन्माच्या सुमारास. आमची नदीकाठची चांगली जमीन त्या पाण्याखाली गेली. दादा जिच्यात पोहायला शिकले ती विहीरही गेली. पांगाऱ्याचे लाकूड पाठीला बांधून आजोबांनी त्यांना आत ढकलले होते, आणि कमरेला बांधलेल्या कासऱ्याचे दुसरे टोक स्वतः धरले होते. पोर हातपाय मारू लागले की कासरा हळूहळू सैल सोडायचा, अशी आमच्याकडची शिकवण. दादा अजून कधी कधी पाण्याकडे बोट करून विहिरीची जागा दाखवतात. पाणी अतिशय उतरले तर तिचे कडे दिसेल म्हणतात. आणि लगेच 'न दिसलेलीच बरी' असेही म्हणतात.

त्या वर्षी धरण तुडुंब होते. सप्टेंबरअखेरीस एवढा पाऊस झाला की धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले, खालच्या गावांत पाणी शिरले, उभे सोयाबीन कुजले. दिवाळीपर्यंत पाणी निवळले होते. आम्ही भिंतीवर उभे राहिलो तेव्हा सकाळचे सात वाजले असतील. वारा नव्हता. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. पुतण्या नुसता पाहत राहिला आणि अगदी देवळात बोलावे तसे हळू बोलला, "काका, असं पाणी मिळावं म्हणून आम्ही पहाटे चारला उठतो."

मला राग आला. पाच वर्षांपूर्वी इथे पडलेल्या भेगांत हात जात होता. २०१६ साली क्रिकेटचे आयपीएलचे सामनेसुद्धा मुंबई उच्च न्यायालयाने दुष्काळापायी महाराष्ट्राबाहेर घालवले होते. आणि याला या पाण्यावर खेळायचे सुचते! मी तसे बोलून दाखवले. त्याने वाद घातला नाही. "इथं खेळायचं म्हणत नाही मी," एवढेच म्हणाला. आणि भिंतीवरच्या दगडावर बसून मला तो खेळ समजावून देऊ लागला. मीही ऐकू लागलो. मास्तराची जात, कुणी काही शिकवू लागले की राग विसरतो.

पुतण्या राहतो मिनेसोटा राज्यात, आणि या खेळाचा जन्म त्याच राज्यातला. मिसिसिपी नदी एके ठिकाणी फुगून तिचे तळे झाले आहे, त्याला लेक पेपिन म्हणतात. काठावर लेक सिटी नावाचे गाव. तिथल्या रॅल्फ सॅम्युएलसन नावाच्या पोराच्या डोक्यात आले की, बर्फावरून घसरत जाता येते तर पाण्यावरून का येऊ नये? त्याने पिपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या. बुडाला. बर्फावरच्या स्की बांधल्या. पुन्हा बुडाला. मग आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा दोन फळ्या आणल्या, त्यांची टोके आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून मऊ केली आणि वर वाकवली. दोर म्हणून खिडकीच्या झडपेची दोरी, धरायला लोहाराने करून दिलेली लोखंडी कडी, आणि बोट हाकायला थोरला भाऊ. तरी जमेना. शेवटी २ जुलै १९२२ रोजी, एकोणिसावा वाढदिवस एका दिवसावर असताना, मागे रेलून फळ्यांची नाके पाण्याबाहेर ठेवायची युक्ती त्याला सापडली आणि तो पाण्यावर उभा राहिला. त्याने पेटंट घेतले नाही; ते १९२५ साली दुसऱ्याच एकाने घेतले. पहिला मान सॅम्युएलसनचा, हे अमेरिकेतल्या वॉटर-स्की संघटनेने मान्य केले ते १९६६ साली. तोवर चव्वेचाळीस वर्षे गेली होती.

आता त्यात पुष्कळ प्रकार झाले आहेत. पुतण्याचा प्रकार स्लॅलम. यात फळी एकच. दोन्ही पाय तिच्यावर एकापुढे एक. बोट सरळ रेषेत जाते. खेळाडूने आधी दोन बोयांच्या वेशीतून आत शिरायचे, मग रेषेच्या एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन असे सहा बोये आळीपाळीने बाहेरून वळसा घालून गाठायचे, आणि शेवटच्या वेशीतून निघायचे. वेशीपासून वेशीपर्यंत अंतर २५९ मीटर. ताशी ५५ किलोमीटरच्या वेगाने सगळा कारभार सतरा सेकंदांत आटोपतो. सहाही बोये साधले तर बक्षीस काय? तर दोर आखूड करतात! १८.२५ मीटरचा १६, मग १४.२५, मग १३, १२, ११.२५, असा कमी कमी. पुतण्या १६ मीटरवर अडकला होता. चार बोये घ्यायचा, पाचव्याला उशीर व्हायचा. दोन वर्षे तो तिथेच होता.

गावी पोचलो. वहिनींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, लाडू-करंज्या झाल्या, दादांनी "आलास का" म्हटले आणि ते रानात गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पुतण्याने बॅगेतून तो दोर काढला. पाच-सहा हातांचा तुकडा, एका टोकाला रबर चढवलेली आडवी दांडी. वाड्यासमोरच्या लिंबाला त्याने कमरेच्या उंचीवर तो बांधला, दांडी दोन्ही हातांनी धरली, एका पायापुढे दुसरा ठेवला आणि मागे रेलून उभा राहिला. पाणी नसताना उभे राहण्याची सवय करायची ती अशीच, म्हणाला. पोरे गोळा झाली. दादा ओसरीवर सुपारी कातरत होते.

यातले मर्म त्याने मला सांगितले ते असे. नवशिका हातांनी ओढतो. कोपरे वाकवून दांडी छातीशी घेतो, की बोट त्याला पुढे वाकवते आणि कंबर मागे राहते. मग तो खुर्चीत बसल्यासारखा दिसतो आणि वजन सगळे मागच्या पायावर जाते. वास्तविक हात सरळ, दांडी खाली कमरेजवळ, आणि कंबर दांडीकडे गेलेली हवी; घोटे नि गुडघे लवते, छाती उघडी, नजर दूर. घोट्यापासून खांद्यापर्यंत अंग एका रेघेत कलले पाहिजे. बोटीची ओढ दंडांवर घ्यायची नाही. ती कंबरेतून पायांत आणि पायांतून पाण्यात उतरवायची.

हे तो मला सांगत असताना स्वतः मात्र नेमकी ती चूक करीत होता. मला ते कळले नाही. ओसरीवरून आवाज आला.

"बूड माघं कामून सोडतूस?"

पुतण्या चपापला. "काय म्हणालात आप्पा?"

"बूड. कंबर पुढं घे की. फळीवर आसा हुबा ऱ्हायलास तर बैलांनी पहिल्या हिसक्यालाच तोंडावर पाडला आसता."

आणि खरेच की! आमच्याकडे नांगरटीनंतर ढेकळे फोडायला, रान सपाट करायला फळी फिरवतात. जाड लाकडाची लांब फळी, तिला दोन बाजूंनी दोर, ते जुवाला बांधलेले. आणि वजन म्हणून तिच्यावर शेतकरी उभा, हातात कासरा. मी लहानपणी दादांना तसे उभे राहिलेले शेकडो वेळा पाहिले होते. ढेकळांच्या समुद्रातून धूळ उडवीत निघालेले. त्यांनी कधी कासऱ्याला लोंबकळून तोल सांभाळलेला मला आठवत नाही. कासरा हातात असे, पण तोल पायांत असे.

दादा उठले, लिंबाजवळ आले, मुलाच्या पाठीच्या कण्याखाली तळहात ठेवला आणि पुढे दाबला. "आता सोड खांदं. हां." पाच वर्षांनंतर मुलाच्या अंगाला त्यांचा हात लागला तो हा असा. मी विडा शोधायचे निमित्त करून आत गेलो.

बाहेर आलो तो गोष्ट पुढे गेलेली होती. पुतण्या मोबाइलवर स्कीचे चित्र दाखवत होता आणि दादा चष्मा लावून पाहत होते. स्कीच्या शेपटीखाली धातूचे एक पाते असते, माशाच्या परासारखे. ते किती खोल, किती लांब, शेपटीपासून किती पुढे, हे इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून बसवतात. पाते खोल केले की शेपूट पाण्याला धरून राहते, वळणात घसरत नाही. फार खोल गेले की फळी वळायलाच राजी होत नाही. तसेच बुटांचे. बूट किंचित पुढे सरकवले की नाक पाण्यात रुतून वळण चटकन होते. जास्त सरकवले की नाक बुडून माणूस पुढे फेकला जातो. पुतण्याने एक वही काढली. दोन वर्षांत त्याने पाते किती वेळा हलवले, बूट किती वेळा सरकवले, सगळे टिपलेले होते. पाने भरली होती.

दादांनी वही उलटसुलट पाहिली. "म्हंजी पाचर हाय ही," ते म्हणाले. नांगर खोल लागू लागला की हाळसाच्या सांध्यातली पाचर बदलतात, उथळ लागला की पुन्हा बदलतात. ओढ जरा पुढेमागे बांधतात. "मंग एका दिवसात दोन-दोन पाचरी कामून हालवल्यास? नांगर नीट चालला तर कोनत्या पाचरीनं चालला, ते कसं कळंल?"

पुतण्या काही बोलला नाही. पुढे मला म्हणाला, तिथला त्याचा शिकवणाराही हेच सांगतो: मूळची मापे लिहून ठेव, एका वेळी एकच गोष्ट हलव, आणि त्यावर निदान दहा फेऱ्या मार. तो महिन्याला फी घेतो, एवढाच फरक. आणि दादांनी आणखी एक सांगितले, ते मला शिक्षकाच्या धंद्यात फार मोलाचे वाटते. नांगऱ्या वाकडा उभा असेल तर पाचर ठोकून उपयोग नाही. आधी माणूस सरळ करावा.

चौथ्या दिवशी ज्वारीच्या रानात फळी फिरवायची होतीच. पेरण्या त्या वर्षी पावसाने लांबल्या होत्या. दादांनी पुतण्याची ती अमेरिकन दांडी जुवाच्या मधोमध बांधली, स्वतः कासरा घेऊन बैलांच्या बाजूने चालू लागले आणि मुलाला फळीवर उभे केले. कुठे ताशी पंचावन्न किलोमीटरची बोट आणि कुठे आमची खिलारी जोडी! पण पहिल्याच तासाला गडी नीट उभा राहिला. शेवटी बांधाशी बैल वळले आणि तो ढेकळांत उताणा. पोरे हसली, वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

बांधाशी असे होते की, बैल जागच्या जागी वळतात आणि फळीचे बाहेरचे टोक मोठ्या वळणाने भर्रकन फिरते. जो आधीच घाईने वळायला जातो त्याचा दोर सैल पडतो. आणि सैल पडलेला दोर पुन्हा ताठ होतो तो हिसक्यानेच. "दोर ढिला पडू देऊ नगंस," दादा सांगत होते. "बैल वळंल, मंग जू वळंल, मंग फळी वळंल. तुझी पाळी शेवटी हाय. वाट बघ."

मला वाटते त्या खेळातले सर्वांत अवघड हेच असावे. बोटीच्या मागे पाण्याचे दोन वरंबे उठतात. बोयाला वळसा घालून निघालेल्या माणसाने पहिल्या वरंब्यापर्यंत सगळी ओढ घ्यायची, आणि मधोमध आले की सोडून द्यायची. तिथे स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पालटते. पुढेही जो ओढतच राहतो तो दुप्पट वेगाने बोयावर आदळतो, दोर ढिला पडतो, आणि पुढच्या बोयाला उशीर होतो. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरावर यती असतो; तो न पाळता जे विद्यार्थी रेटून म्हणत सुटतात त्यांचे पुढले सात अक्षरांवर काय होते, हे मी वीस वर्षे ऐकत आलो आहे. पुतण्याची गोष्ट तीच होती. पाचवा बोया चुकायचा, पण चूक पाचव्यावर नसायची. वेशीतून शिरतानाच तो घाई करी. ती घाई दुसऱ्याला थोडी, तिसऱ्याला जास्त असे व्याज लागत पाचव्यावर वसूल होई. फळीवर त्याने त्या दिवशी अकरा फेऱ्या मारल्या. शेवटच्या तीनदा बांधाशी पडला नाही. रानही चांगले सपाट झाले. दादांचा तो हिशेब वेगळा होता.

रात्री ओसरीवर बसलो होतो. दादांनी सुपारी कातरता कातरता विचारले, "सगळ्यात चांगला गडी जो आसंल, तेचा दोर किती हात ऱ्हातो?"

आमच्या आजीचाच प्रश्न. पुतण्याने मीटरांचे हात केले. मोठमोठे खेळाडू १०.२५ मीटरपर्यंत, त्याहून पुढे ९.७५ पर्यंत जातात. म्हणजे साधारण बावीस हात, एकवीस हात.

"आन् तो बोया, मधल्या रेघंपासून?"

"साडेअकरा मीटर. पंचवीस हात."

दादांचा अडकित्ता थांबला. त्यांनी जमिनीवर बोटाने रेघ ओढली, एका बाजूला सुपारीचे खांड ठेवले. बराच वेळ ते त्या खांडाकडे पाहत राहिले. "दोर बावीस हात, बोया पंचवीस हात. मंग पोचतो कसा?"

"अंगानं, आप्पा," पुतण्या म्हणाला. तो उभा राहिला आणि एक हात दांडीकडे लांबवून, सारे अंग दुसरीकडे आडवे झोकून त्याने दाखवले. वळणाच्या वेळी दोर बोटीच्या जवळजवळ बाजूला येतो. तिथून पुढे हात, खांदा, कंबर आणि पाय मिळून जे तीन-चार हात होतात, तेवढ्यावर स्की बोयाच्या बाहेरून जाते. म्हणून तर अंग एका रेघेत हवे. खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे अंग हातभर कमी पडते.

दादा काही वेळ बोलले नाहीत. मग एकदम मला म्हणाले, "मास्तर, तू तेला धरनावर बोललास म्हनं, पान्याचा खेळ करू नगं म्हनून. तेनं पानी खपतंय का? बोट गेली, पोरगं गेलं, पानी हाय तितकंच. आपल्या रानावरून गेलं आसतं, येवढंच."

प्यायच्या पाण्याच्या तलावात तेलावरची यंत्रे फिरू नयेत, या माझ्या मतात अजून बदल नाही, आणि मी ते त्यांना सांगितलेही. पण ज्याची जमीन त्या पाण्याखाली आहे त्याने एवढे म्हटल्यावर माझा आवाज जरा खाली आला होता. वहिनींनी विषय बदलला. त्यांना काळजी एकच, तिकडचे पाणी फार थंड असते का.

पुतण्या भाऊबीज करून गेला. दांडी मात्र गोठ्यात खुंटीला राहिली. विसरली की ठेवली, ते मी विचारले नाही. मिनेसोटात हिवाळ्यात तळी गोठून दगड होतात, तेव्हा मेपर्यंत खेळाचे नाव नाही. इकडे ज्वारी बरी आली. फोन आठवड्याला येत राहिले आणि वहिनींकडून दादांकडे जायला त्यांना पूर्वीपेक्षा कमी वेळ लागू लागला.

जूनमध्ये मी गावी होतो तेव्हा असाच एक फोन आला. पाऊस अजून आला नव्हता. दादा आभाळाकडे पाहत बोलत होते. सोळा मीटरचे सहाही झाले होते. आता चौदा पूर्णांक एक चतुर्थांश. दादांनी बोटांवर काहीतरी मोजले.

"येकतीस हात म्हंजी. किती झालं?"

तिकडून उत्तर आले असावे.

"तीन? मंग चवथा कामून चुकला?" दादा म्हणाले, आणि ओसरीच्या खांबाला टेकून उत्तर ऐकायला खाली बसले.